खऱ्या आगीचा देखावा

परसूआण्णा माणसाला हाक मारीत ती त्याच्या व्यंगावरून. नाव नंतर. लंगड्याला 'लंगड्या', तोंडावर देवीचे वण असलेल्या बाईला 'चाळण', मूल न झालेल्या बाईला 'बंद दुकान'. ज्याच्यात काहीच सापडत नसे त्याच्याकडे ते डोळे बारीक करून बघत आणि म्हणत, "थांब, सापडंल. देवानं कुणालाच अख्खं सोडल्यालं न्हाय." बेळगावला लागून असलेल्या शहापुरातल्या आमच्या विणकरांच्या गल्लीत दिवसभर मागांचा खटखटाट चाले, पण परसूआण्णा कट्ट्यावर येऊन बसले की आसपासच्या घरांतले माग थांबत. काही ऐकायची हौस म्हणून, काही आपले नाव निघते की काय या धास्तीने.

माझी त्यांची नीट गाठ पडली ती आमच्या छापखान्यात. माझ्या वडिलांचे पायाने चालवायचे एक लहान यंत्र होते आणि मी वाढले ती पत्रकांवर. इतर मुलींना ओव्या पाठ असत, मला 'जाहीर निषेध' पाठ होते. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत सूत काळ्या बाजारात गेले आणि गल्लीतले निम्मे माग बंद पडले, तेव्हा मी माझे पहिले पत्रक लिहिले. शाई ओली असतानाच परसूआण्णांनी कागद उचलला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तो आवाज मी तोवर ऐकला नव्हता. रस्त्यावरची माणसे थांबली. माझी वाक्ये त्यांच्या तोंडून प्रेतयात्रेसारखी निघत होती आणि लोक हसत होते.

कागद खाली ठेवून ते म्हणाले, "तुझ्या पत्रकात माणूसच न्हाय गं, मास्तरीण. नुसती उद्गारचिन्हं उभी हायत, पोलिसासारखी. 'धिक्कार असो' म्हंतीस, कुणाचा? सूत कुणी दडीवलंय, त्याचं नाव घाल की. शिवी द्यायची ती पत्ता घालून द्यावी."

मी संतापले, पण दुसऱ्या दिवशी पत्रक पुन्हा लिहिले, नाव घालून. वडिलांनी ते छापायला नकार दिला, म्हणून हाताने नकला करून वाटले. परसूआण्णांनी मला दिलेली ही एवढीच चांगली गोष्ट. तीच वापरून मी आज त्यांच्यावर लिहिते आहे. ते गेल्यावर गल्ली म्हणू लागली, "तोंड फाटकं हुतं, पण माणूस सोन्याचा." खोटे आहे. तोंड फाटके होते आणि त्या तोंडाने काय केले ते सांगायला हवे.

छापखान्यात ऐकलेला परसूआण्णांचा तो आवाज शिनेमाचा होता. वडील सांगत, पहिल्यांदा निपाणी-बेळगावकडे नुसते तुकडे येत. आगगाडी येते, पैलवान दंड फुगवतो, साहेबाची बाई कुत्र्याला आंघोळ घालते, संपले. लोक तेवढ्यावर खूष होऊन घरी जात. मग अख्ख्या गोष्टींची चित्रे येऊ लागली, एकेका गोष्टीला फिल्मचे आठ-नऊ डबे, आणि पंचाईत झाली. गोष्ट आहे, पण बोलत कोणीच नाही. मधूनमधून अक्षरे येत ती इंग्रजी नाहीतर गुजराती, आणि निपाणीच्या शिनेमाच्या तंबूत बसलेल्या तंबाखूच्या वखारीतल्या बायांना कुठलेच अक्षर वाचता येत नव्हते. त्यात निम्मे लोक मराठी, निम्मे कानडी. तंबूच्या मालकाला पडद्याशेजारी उभा राहून दोन्ही भाषांत गोष्ट सांगणारा माणूस हवा होता. ज्याचा आवाज चित्र दाखवणाऱ्या यंत्राच्या खडखडाटावर चढेल असा. मागाच्या खटखटाटात गाणारा विणकराचा मुलगा त्याला शहापुरात सापडला.

"पडद्याला तोंड न्हाय, म्हणून मला हाय," असे परसूआण्णा म्हणत.

तंबूच्या मधोमध पडदा असे. पुरुष यंत्राच्या बाजूला, बाया पडद्यामागे. कापडावर पाणी मारून ते ओले ठेवीत, म्हणजे मागूनही चित्र दिसे, पण उलटे. बायांचा राजा डाव्या हाताने तलवार उपसायचा. गोष्ट सांगता सांगता परसूआण्णा मध्येच बसलेल्यांतला एखादा माणूस उचलत आणि सोलून काढत. राजा बायकोला टाकायला निघाला की ते थांबत आणि विचारत, "ए तलाठ्या, तू कवा टाकलीस रं? लोकास्नी सांग की, राजाला तेवढाच धीर यील." लोक चित्रासाठी येत हे खरे, पण आज कोणाची पाळी हे बघायला जास्त येत. कोणी डोळे पुसायला लागले की ते ओरडत, "रडा, रडा! आई जाळली तवा रडला न्हाईसा, आता रडा!"

एकदा वखारीत काम करणारी एक बाई पडद्यामागे सारखी खोकत होती. तंबाखूची धूळ छातीत बसलेली. परसूआण्णांनी यंत्र थांबवायला लावले आणि पडद्याला तोंड लावून म्हणाले, "बाई, तू आधी मर, मग म्हातारा राजा मरंल. एका तंबूत दोन मढी नगंत." तंबू हसून लोळला. पुढच्या आठवड्यात ती बाई खरोखरच गेली. ही हकीकत मला कोणा दुसऱ्याने सांगितलेली नाही. परसूआण्णा स्वतः सांगत, आणि सांगताना हसत.

आता तुळसाची गोष्ट.

तुळसा ही त्यांची धाकटी बहीण. दहाव्या वर्षी तिला संकेश्वरला दिली. सासरी तिचे हाल होते हे गल्लीला माहीत होते, आणि माहेराला सगळ्यांत जास्त माहीत होते. ती एकदा चालत परत आली, तेव्हा बापाने उंबऱ्याच्या आत घेतली नाही. परसूआण्णाच तिला परत पोचवून आले. वयात आल्यावर ती सासरहून पळाली, एका नाटक कंपनीच्या गाडीत बसून, आणि तिथून कोल्हापूरकडच्या एका चित्रपट कंपनीत गेली. त्या काळी चित्रांत बायांची कामेसुद्धा पुरुष करीत. चांगल्या घरची बाई कॅमेऱ्यापुढे उभी राहिली म्हणजे ती मेली. तिच्या बापाने घरातल्या सगळ्यांना तिच्या नावाने आंघोळ करायला लावली, मेलेल्या माणसाची करतात तशी. विहिरीतून पाणी शेंदून सगळ्यांच्या डोक्यावर ओतले ते परसूआण्णांनी. मोठी झालेली तुळसा कित्येक वर्षे आमच्या गल्लीत कोणी पाहिलीच नाही.

काही वर्षांनी तंबूत एक नवे चित्र आले. निरपराध राणी, तिच्यावर आळ, आणि शेवटी ती आगीत शिरते अशी गोष्ट. मालकाने त्याची जाहिरात आमच्याच छापखान्यात छापून घेतली. त्यावर मोठ्या ठशात होते, 'खऱ्या आगीचा देखावा'. आग खरी आहे हे छापले होते. बाई खरी आहे हे कोणी छापले नाही. कंपनीने राणी झालेल्या बाईला कुठलेसे गोड नाव दिले होते, पण पहिल्याच दिवशी शहापूरचा एक व्यापारी तंबूत होता आणि त्याला आतली बातमी होती. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "काय परसू, भनीला आज तूच नाचिवणार व्हय?"

इतरांची व्यंगे उचलून दाखवणाऱ्याचे व्यंग आता पडद्यावर उभे होते, दोन पुरुष उंचीचे. कोणी दुसरा असता तर काम सोडून गेला असता. परसूआण्णांनी चाबूक स्वतःच हातात घेतला, दुसऱ्याने घेण्याआधी.

दुसऱ्या खेळाला राणी पडद्यावर आली तशी त्यांनी गोष्ट सोडली आणि सुरू केले, "वळखलीसा का हिला? ही राणी न्हवं. ही आमच्या घरातली मागाच्या कांड्या भरणारी तुळशी! नवरा टाकून पळाल्याली! हिच्या नावानं मी आंघोळ केलीया, मंडळी, आणि हिकडं बघा कशी नटलीया!" लोक वेडे झाले. असले चित्र कोणी पाहिले नव्हते, ज्याच्या शेजारी राणीचा सख्खा भाऊ उभा राहून तिला शिव्या देतो. चिकोडीहून, खानापूरहून बोलावणी आली: चित्र तेच हवे आणि परसूच हवा. संकेश्वरला तिचा नवरा पुढच्या रांगेत बसला होता. परसूआण्णांनी त्याला उभा करून लोकांना दाखवला आणि लोकांनी त्याच्या गळ्यात हार घातला.

आणि शेवटच्या डब्यात आग आली की ते दोन्ही भाषांत ओरडत, "नोडरी, नोडरी! बघा! आईबापाच्या तोंडाला काळं फासणारी कशी जळती बघा! जळू दे!" शिट्ट्या, टाळ्या. काही गावांत लोक तेवढा डबा पुन्हा लावायला लावीत.

त्यांची आई, गोदाक्का, हे चित्र बघायला कधी गेली नव्हती. एका लग्नासाठी ती माझ्या आईबरोबर निपाणीला गेली, तेव्हा पाहुण्यांतल्या बायांनी दोघींना तंबूत ओढून नेले. परसूला ठाऊक नव्हते. पडद्यामागे बायांत बसून गोदाक्काने आपली लेक इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पाहिली आणि मुलाचा आवाजही ऐकला. आजूबाजूच्या बाया हसत होत्या. शेवटी आग आली, पदराने पेट घेतला, आणि राणीने आपले मनगट तोंडात घालून दातांत धरले. गोदाक्का ताडकन उभी राहिली.

"ते नाटक न्हवं गं," ती माझ्या आईला म्हणाली. "चुलीवर पोळली की माझी पोर मनगट चावायची. रडली तर बाप मारायचा म्हणून. हे तिला कुणी शिकिवलं न्हाय. ती जळतीया गं."

मागच्या बाया ओरडल्या, "बस की गं म्हातारे! आग दिसंना झालीया!"

सकाळी तिने परसूला गाठून सांगितले, "तुझी भन खरंच जळत हुती रं, आणि तू टाळ्या घेत हुतास."

त्या संध्याकाळी परसूआण्णांनी काय केले? तेच. त्याच जागी, त्याच शब्दांत, 'जळू दे' म्हणाले. मी त्यांना पुढे विचारले, कळल्यावरही कसे म्हणालात? ते म्हणाले, "लोक त्याच्यासाठीच आलते. आणि एकदम गप बसलो असतो तर इचारलं असतं, का गप? मग सांगावं लागलं असतं." मी पत्रकांतून फार मोठमोठी कारणे वाचली होती. या उत्तरानंतर मला वाटते, आमच्याकडे निम्मी क्रूर कामे चालू राहतात ती एवढ्यामुळेच, की थांबले तर कारण सांगावे लागेल.

कंपनीत काय झाले ते मला पुढे तुळसाक्कानेच सांगितले. वारा फिरला आणि ज्वाळा तिच्या अंगावर आली. "क्यामेऱ्याची मूठ फिरीवणारा थांबाय लागला हुता. मागनं कुणीतरी म्हणालं, 'थांबू नको, झकास येतंय.' ते मी ऐकलं." डावा गाल, कान, मान गेली. कंपनीने तिला मिरजेला दवाखान्यात टाकले, चित्र पुरे केले आणि तो तुकडा तसाच ठेवला. चांगला आला होता ना. ती बरी झाली आणि त्याच दवाखान्यात जखमांच्या पट्ट्या धुवायच्या कामाला राहिली. आपले चित्र तिने कधी पाहिले नाही.

मग बोलपट आले. पडद्याला तोंड फुटले आणि परसूआण्णांचे गेले. मालकाने तंबू विकला आणि मुकी चित्रे भंगारात काढली. भंगारवाल्यांची एक रीत होती: फिल्मच्या पट्ट्या धुऊन त्यातली चांदी काढून घ्यायची, आणि उरलेल्या पारदर्शक पट्टीच्या फण्या आणि बांगड्या करायच्या. निपाणीच्या बाजारात बाया ज्या स्वस्त बांगड्या घालून हिंडत, त्यांत कितीतरी राजे आणि राक्षस विरघळलेले होते. गोदाक्का मुलाला म्हणाली, "ती हाय त्यात. माझ्या लेकीच्या बांगड्या करू देऊ नगंस." परसूआण्णांनी मालकाकडून त्या एका चित्राचे सगळे डबे मागून घेतले आणि बैलगाडीतून घरी आणले. का आणले, आईच्या शब्दासाठी की आणखी कशासाठी, हे त्यांनी कधी सांगितले नाही.

आणि त्यांनी ते जपले. याबद्दल माझे दुमत नाही. आम्हा विणकरांत लेकीचा शालू ठेवायची रीत आहे. जुन्या धोतरात गुंडाळायचा, घडीघडीत तंबाखूची पाने घालायची म्हणजे कसर लागत नाही, आणि पत्र्याच्या पेटीत असा बंद करायचा की वारा शिरता कामा नये. 'वारा लागला की रेशीम म्हातारं हुतं,' असे म्हणतात. गोदाक्काने उभे राहून तसेच करून घेतले. प्रत्येक डब्यात तंबाखूचे पान, वरून धुतलेले धोतर, आणि कल्हईवाल्याला बोलावून प्रत्येक झाकण कथलाने बंद केले. डबे माडीवर, मागाच्या वर, कोरड्या जागी ठेवले. परसूआण्णा पोरांना तिथे फिरकू देत नसत. एकदा पुतण्याने वर चेंडू फेकला, तर त्याला त्यांनी रक्त येईतो मारले.

लढाई संपत आली तेव्हा गोदाक्का वारली. जायच्या आधी, लेक मिरजेच्या दवाखान्यात आहे हे कळल्यावर, तिकडे जाणाऱ्या कोणाबरोबर तिने निरोप पाठवला होता: तुझे चित्र घरात आहे. तुळसाक्का आली ती आईची माती होऊन गेल्यावर. मी त्यांच्या दारातच उभी होते. डोक्यावरून डाव्या बाजूने पदर ओढलेली, चाळिशीची बाई. परसूआण्णांनी तिला बघितले, आणि मला वाटले, निदान आता तरी नीट बोलतील. पण सवय तोंडाची असते.

"शिनेमा संपला, बाई," ते म्हणाले. "आता काय जळायचं राह्यलंय?"

"आण्णा, भांडाय आले न्हाय मी," ती म्हणाली. "मला माझं तोंड बघायचं हाय."

गल्लीतल्या बाया जमल्या. तिने पदर मागे केला, मुद्दाम. कोणी तोंडावर हात घेतला, कोणी मुलांना आत ढकलले.

"हे न्हवं," ती म्हणाली, "ह्याच्या आधीचं. कंपनीत आरसा हुता तो एवढासा, कपाळापुरता. फोटो कवा काढला न्हाय. दवाखान्यात पट्टी सोडली तवा आठवाय गेले, तर आठवंना. आई म्हणाली, तू चित्रात हाईस. एकदा बघते आणि जाते. जेवायला सुदीक थांबत न्हाय."

परसूआण्णांनी वर माडीकडे बघितले. मग म्हणाले, "आगीच्या आधीच्या डब्यांत हाईस. पैल्या डब्यापासनं हाईस, लई जवळनं." आणि माझ्याकडे वळून, "मास्तरीण, त्या दाऊदला बोलीव."

दाऊदभाई बेळगावातल्या एका थिएटरात यंत्र चालवीत. तंबूच्या काळातले, परसूआण्णांना ओळखणारे. ते दुपारी आले आणि माडीच्या जिन्यावरच थांबले. "आण्णा, वास येतोय," ते म्हणाले. "कसा ठेवलाय माल?"

"शालू ठिवतात तसा. हवा शिरली असंल तर नाव सांग."

दाऊदभाईंनी डोक्याला हात लावला. कथील फोडून पहिला डबा उघडला. आत फिल्मची तपकीर झाली होती. निपाणीच्या दुकानात वजन करून देतात तशी, तांबूस, बारीक; बोट घातले तर बोट बुडले. तंबाखूचे पान मात्र शाबूत होते. दुसऱ्या डब्यात करपलेल्या गुळासारखी ढेप. तिसरा तसाच. तुळसाक्का भिंतीला टेकून बसली होती. प्रत्येक झाकण निघाले की ती पुढे वाकून बघे आणि पुन्हा मागे टेके.

"ह्याला कोंडायचं नसतं, आण्णा," दाऊदभाई म्हणाले. "ह्यातनं वाफ निघती. ती बाहेर सोडावी लागती, न्हाईतर हे आपल्याच वाफेत सडतंय. तुम्ही नुसतं फळीवर टाकलं असतं तर राहिलं असतं."

"गप," परसूआण्णा म्हणाले. "पुढचा फोड."

शेवटच्या डब्याचे कथील एका बाजूने तडकले होते. कल्हईवाल्याने घाईत केलेले. तेवढ्या फटीतून वारा आत-बाहेर जात राहिला होता आणि तो डबा वाचला होता. आगीचा डबा.

मी म्हणाले, नको. दाऊदभाई म्हणाले, नको, आक्का. तुळसाक्का म्हणाली, "आगीच्या आधी थोडं असंल की. राणी चालत यीत असंल. तेवढं बघते."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाआधी थिएटर रिकामे होते तेव्हा दाऊदभाईंनी दारे लावली आणि जुने हाताने फिरवायचे यंत्र काढले. खुर्च्यांत आम्ही तिघेच. चित्र सुरू झाले. राणी चालत आली, पण दुरून, आणि डोक्यावरून पदर पुढे ओढलेला. चितेपाशी आली, पदर तसाच. तुळसाक्का खुर्चीतून उठून पुढे गेली, पडद्याच्या अगदी जवळ, मान वाकडी करून पदराखाली बघायचा प्रयत्न करीत. पदर बाजूला झाला तो पेटल्यावर. मग धूर, मनगट, आणि संपले.

तिने मागे वळून म्हटले, "दाऊदभाई, परत लावा. आण्णा, ऊठ. बोल."

"काय बोलू?"

"लोकांपुढं बोलत हुतास ते. गावोगाव ऐकलं समद्यांनी, मीच ऐकलं न्हाय."

"तुळसा, जाऊ दे गं."

"बोल म्हंते न्हवं!"

परसूआण्णा उठले. पडद्याच्या उजव्या बाजूला आपल्या नेहमीच्या जागी उभे राहिले आणि रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड करून त्यांनी बोलायला सुरुवात केली. पहिला शब्द फाटका निघाला. दुसऱ्यापासून तोच आवाज. एक शब्द गाळला नाही. आंघोळ, कांड्या भरणारी, नवरा, 'नोडरी, नोडरी', आणि 'जळू दे'. मला ओरडून त्यांना थांबवावेसे वाटत होते. पण ऐकणारी ती होती आणि ती ऐकत होती, हाताची घडी घालून, एखाद्या वस्तूची पारख करावी तशी.

संपल्यावर ती म्हणाली, "बरं बोलतोस. आता एक सांग. आगीच्या आधी मी कशी दिसत हुते?"

ते आपल्या खुर्चीकडे निघाले.

"नाक कसं हुतं? आईवानी का बापावानी? लोकांस्नी एवढं सांगितलंस, मला एवढंच सांग. इतकी वरसं रोज बघत हुतास की."

"मला ठावं न्हाय."

"ठावं न्हाय म्हंजी?"

"पैल्या दिशी बघितलं वाइच. मग न्हाय. बाकीची चित्रं बघून सांगायचो. तुझं लागलं की मी पडद्याकडं पाठ करून लोकांकडं बघत हुतो. लोक कुठं हसत्यात, कुठं गप बसत्यात, त्यावरनं कळायचं कुठवर आलंय." त्यांनी हाताने एवढीशी उंची दाखवली. "बारकी असतानाची आठवतीस. शेंबडी. कांड्या भरताना. त्यापुढची न्हाय, तुळसा."

तिचा चेहरा तिचा म्हणून बघितलेले एकच माणूस होते, गोदाक्का, ते महिन्यापूर्वी शहापूरच्या मसणवटीत गेले होते. बाकी जे कोणी बघितले ते खोकत, हसत, शिट्ट्या मारीत बघितले, आणि विसरले.

तुळसाक्का त्यांच्याजवळ गेली, दोन्ही खांद्यांना धरून तिने त्यांना पडद्याकडे वळवले आणि म्हणाली, "दाऊदभाई, आणखी एकदा. आण्णा, आता तिकडं बघ. बोलायचं न्हाय." यंत्र सुरू झाले तशी ती दार उघडून बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली. परसूआण्णांनी पूर्ण बघितले. त्यांनी मान फिरवली नाही, मी त्यांच्याकडेच बघत होते. मी बाहेर आले तेव्हा ती मिरजेच्या गाडीची चौकशी करीत होती.

उरलेला डबा मी मागून घेतला. बेळगावातल्या ज्या ज्या संस्थेच्या पाटीवर 'संग्रह' असा शब्द आहे तिथे तो घेऊन गेले. शिलालेखाच्या तुटक्या दगडाला तिथे काचेची पेटी आहे. मला सांगण्यात आले, हे पेट घेते. हे खरे होते. दुसरे कारण जरा चाचरत सांगण्यात आले: असल्या बाईचे चित्र. वडिलांना छापखान्यात आगीची भीती होती, त्यांनी ठेवू दिला नाही. शेवटी दाऊदभाईंकडे ठेवला, आणि ते आजारी पडल्यावर थिएटरच्या मालकाने तो भंगारवाल्याला दिला. त्याच्या फण्या झाल्या असतील. मी अजून बाजारात फणी घेताना ती उजेडासमोर धरून बघते, आणि मला स्वतःचाच राग येतो.

परसूआण्णा त्यानंतर फार जगले नाहीत. कट्ट्यावर येऊन बसत, पण व्यंगावरून हाक मारणे सुटले, कारण कोणाला हाक मारणेच सुटले. गल्लीने याला पश्चात्ताप म्हटले. मी म्हणत नाही. पश्चात्ताप झालेला माणूस एखादा शब्द बोलतो; मिरज काही विलायतेत नाही. ते एकदाही गेले नाहीत.

ते वारले तेव्हा मी तुळसाक्काला तार केली. ती येईल असे कोणाला वाटले नव्हते. ती आली तेव्हा तिरडी बांधून झाली होती आणि माणसे खोळंबली होती. तिने पदर मागे टाकला, उकिडवी बसली आणि त्यांच्या तोंडावरचे कापड बाजूला केले. ती बघत राहिली. कपाळ, भुवया, नाक, ओठ, एकेक करून. डोळ्यांत पाणी नव्हते. ऊन चढत होते. खांदेकरी कुजबुजू लागले. कोणीतरी म्हातारी म्हणाली, "झाक आता, तुळसा. किती बघशील?"

"थांबा वाइच," ती म्हणाली. "त्यानं माझं बघितलं न्हाय. मी त्याचं नीट बघून घेते."